जुन्या स्पोर्ट्स गाडीचे कपलर आणि पिना शोधायच्या कशा: पक्कड हातात घ्यायच्या आधी वाचा

कपलर खराब झाला की आपल्याकडं काय होतंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मेकॅनिक पक्कड काढतोय, दोन्ही बाजूनं वायर कापतोय, पिळून टेप गुंडाळतोय आणि "झालं बघा ओ" म्हणून बॉनेट आपटतोय. गाडी चालू होते, पैसे देऊन आपण घरी. पहिल्या पावसात जांबोटीच्या पुढं गाडी पॉं-पॉं करायला लागली की मग आठवतंय की इथं कायतरी जोडलं होतं.

हे लिहायचं कारण म्हणजे मला आठवड्याला दोन तरी फोटो येतात, कापलेल्या वायरीचा फोटो आणि खाली एक ओळ, "लान्सरचा आहे, कुठं मिळेल?" किंवा "पालिओ १.६, बेळगावात कोण देतंय काय". याचं उत्तर देताच येत नाही. चूक दुकानात जाऊन होत नाही, त्याच्या आधीच झालेली असते. कपलर हा गाडीच्या कंपनीचा नसतो हो. मित्सुबिशी, फियाट, पोर्शे, माझ्दा कुणीच कपलर बनवत नाही, ते बनवणारे वेगळे, यझाकी, सुमितोमो, एएमपी, बॉश, पॅकार्ड असले. त्यामुळं गाडीचं नाव घेऊन शोधलात तर वर्ष जाईल, पिनेची रुंदी घेऊन शोधलात तर बहुतेक वेळा आठवड्यात मिळतंय.

शब्द आधी स्पष्ट करतो. कपलर म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं घर. पिन म्हणजे आतला पितळी तुकडा जो वायरीला दाबून बसवलेला असतो, दुकानात कुणी थिंबल म्हणतंय कुणी टर्मिनल. या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि वेगवेगळ्या विकत मिळतात. हे नीट न कळल्यामुळं निम्म्या लोकांचे पैसे वाया जातात, माझेही गेलेत, पुढं सांगतो.

टप्पा ० – सामान जमवा, गाडी नंतर

व्हर्निअर कॅलिपर पाहिजेच. पट्टीनं चालत नाही, कारण २.३ आणि २.८ मिमीतला फरक डोळ्याला दिसत नाही. विकत घ्यायची गरज नाही, बेळगावात प्रत्येक गल्लीत उद्यमबागेत कामाला जाणारा एक तरी माणूस आहे, (उद्यमबाग म्हणजे आपली कारखान्यांची वसाहत), रविवारी त्याच्याकडनं मागून आणा.

मल्टिमीटर, बारीक दागिने दुरुस्तीचा स्क्रू ड्रायव्हर, कागदी चिकटपट्टी आणि पेन, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. पिना बाहेर काढायचं हत्यार बाजारात मिळतंय पण छत्रीची काडी कानशीवर घासून चपटी केली की चपट्या पिनेला मस्त चालते. गोल पिनेला बॉलपेनच्या पितळी रिफिलची रिकामी नळी वापरा, पिनेवर घालून आत ढकलली की कान दबतात.

क्रिंपिंगचा, म्हणजे पिन वायरीवर दाबायचा, पाना ओपन बॅरलचाच घ्या, म्हणजे ज्याचे जबडे पिनेचे दोन पंख गोल वळवून वायरीत खाली खुपसतात. लाल-निळ्या-पिवळ्या प्लास्टिकवाल्या थिंबलचा पाना असतोय तो इथं उपयोगाचा नाही, त्यानं पिन चपटी होते, दाबली जात नाही. साधी पक्कड तर विसराच.

टप्पा १ – फोटो, लेबल, बॅटरी. याच क्रमानं

आधी फोटो. कपलर जोडलेल्या स्थितीत चारी बाजूनं, मग सोडून दोन्ही तोंडाचे समोरून, मग मागून वायरीचे रंग दिसतील असे. मग प्रत्येक वायरीवर कागदी पट्टी आणि कपलरच्या तोंडावरचा नंबर. नंबर कपलरवरच कोरलेला असतोय बारीक, टॉर्च तिरकी धरली तर दिसतोय. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा.

इशारा: पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर थांबा. पिवळा म्हणजे बहुतेक एअरबॅग. बॅटरी काढून निदान दहा-पंधरा मिनिटं थांबल्याशिवाय हात लावू नका आणि त्यात मीटर तर घालूच नका. ते काम ज्याला येतंय त्यालाच करू द्या, मी पण करत नाही.

कपलर सोडताना वायरीला धरून ओढायचं नाही. वीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं होतंय, लॉकचा कान हात लावला की तुटतोय. हेअर ड्रायरनं जरा गरम करा, मग कान दाबून आधी दोन्ही घरं एकमेकांकडं *ढकला*, लॉकवरचा ताण जातोय, आणि मग ओढा. हे एवढं केलं तरी निम्मे कपलर वाचतात.

आणि काहीही झालं तरी जुना कपलर टाकायचा नाही. तुटला, वितळला, दोन तुकडे झाले तरी पिशवीत. तोच नमुना आहे तुमचा. माझ्याकडं एक जण लाल रंगाची टू-डोअर घेऊन आला होता, एका गॅरेजमध्ये चारही इंजेक्टरचे, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागांचे, कपलर कापून कचऱ्यात गेलेले, वायरी थेट पिनेवर गुंडाळून वर लाखेसारखं कायतरी ओतलेलं. इंजेक्टर समोर होते म्हणून निभावलं, नाहीतर काय मोजणार?

टप्पा २ – कपलरवर काय लिहिलंय ते वाचा, पण चुकीचं वाचू नका

टूथब्रश आणि क्लीनरनं धुऊन घ्या. मग अक्षरं दिसतील. इथं सगळे फसतात.

> < असल्या दोन कोनांच्या मध्ये लिहिलेलं पीबीटी, पीए६६, पीए६६-जीएफ३० असलं काय दिसलं तर तो पार्ट नंबर नव्हे, ती प्लास्टिकची जात आहे. पीए६६ म्हणजे नायलॉन, जीएफ३० म्हणजे त्यात ३० टक्के काचेचे धागे. एकानं हाच नंबर घेऊन बेंगळुरूचा जेसी रोड पालथा घातला होता. गोल घड्याळासारखं चिन्ह दिसलं तर ती साच्याची तारीख. १, २, ३ म्हणजे पिनेच्या खोल्यांचे नंबर.

कामाचं काय तर बनवणाऱ्याचं नाव किंवा चिन्ह, आणि लांबलचक आकडा असला तर तो. आकडा मिळाला तर तुम्ही नशीबवान, तोच टाकून शोधा, टप्पा ५ वर उडी मारा. पण जपानी कपलरवर पुष्कळ वेळा आकडाच नसतोय, म्हणून पुढचा टप्पा.

टप्पा ३ – मोजा

मोजायची ती मेल पिन, म्हणजे जी पाती बाहेर आलेली असते ती. तिची *रुंदी*, लांबी नव्हे. सेन्सरच्या किंवा मोटरच्या बाजूला बहुतेक मेल पिनच असते, म्हणजे गाडीवरची फिमेल बाजू (जिच्यात ही पाती शिरते ती) गेली असली तरी मोजता येतंय.

पिनेची रुंदी इंचाच्या हजाराव्या भागात सांगायची पद्धत आहे, तिथनंच ती नावं आलीत. ०४० म्हणजे साधारण १ मिमी. ०७० म्हणजे १.८. ०९० म्हणजे २.३. ११० म्हणजे २.८. १८७ म्हणजे ४.८. २५० म्हणजे ६.३, आपल्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) पाती याच. ३१२ म्हणजे ८, हेडलाईटच्या एच४ बल्बमागची तीन पाती ही साधारण याच मापाची. ३७५ म्हणजे ९.५, काही जुन्या अल्टरनेटरवर.

म्हणजे तुम्हाला २.३ आलं तर ते बहुतेक जपानी ०९०, आणि २.८ आलं तर बहुतेक युरोपियन. अर्ध्या मिमीत खंड बदलतोय बघा.

मोजून कागदावर लिहायचं ते असं: पिनेची रुंदी, जाडी, किती खोल्या, ओळी किती, दोन पिनांमधलं अंतर, वायरीचा बाहेरचा व्यास रबरासकट, पाण्यासाठी रबर सील आहे की नाही, आणि लॉक कुठं आहे. लॉकबद्दल दोन प्रकार. एक, पितळी पिनेलाच बारीक कान असतोय जो प्लास्टिकमध्ये अडकतो. दोन, पिन सपाट असते आणि प्लास्टिकची जीभ तिला अडवते. माप तेच आणि घर वेगळ्या जातीचं असलं तर पिन आत जाते, खुट्ट आवाज येत नाही, आणि महिन्यानं मागं सरकते.

तपासा: मोजमाप दोनदा घ्या, दोन वेगवेगळ्या पिनांवर. एकच पिन मोजली आणि तीच वाकडी असली तर सगळं मुसळ केरात.

टप्पा ४ – घराणं ओळखा

इंग्लिश गाड्या, एमजी, ट्रायम्फ, आणि आपल्याकडची स्टँडर्ड हेराल्ड सुद्धा. इथं कपलर फार कमी, गोळ्या जास्त. ४.७ मिमीची पितळी गोळी आणि रबरी नळीतलं जोड, आणि ६.३ ची चपटी पाती. सगळ्यात सोपं घराणं, गोळ्या अजून बनतात. रंगही ठरलेले: तपकिरी म्हणजे कायम बॅटरीचा करंट, पांढरी म्हणजे किल्लीवर, हिरवी म्हणजे किल्लीवर पण फ्यूजमधनं, जांभळी म्हणजे कायम पण फ्यूजमधनं, काळी म्हणजे अर्थ, बॉडीला जोडलेली. हे पाठ असलं तर निम्मं काम झालं. एक इशारा, जुन्या एमजीबीसारख्या गाड्या १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघूनच मीटर लावा.

जर्मन, इटालियन आणि एकूण बॉशचं इंजेक्शन असलेल्या गाड्या. इथं एक कपलर शंभर ठिकाणी येतोय, दोन पिनेचा, बाहेरनं तारेची क्लिप, आत २.८ ची पिन, नाव ज्युनिअर पॉवर टायमर. जुने जाडे ईव्ही१ इंजेक्टर याच कपलरवर. पोर्शे ९४४ असो की त्या काळची बीएमडब्ल्यू, घर तेच. म्हणून "पोर्शेचा कपलर" म्हणून मागितलात तर पोर्शेचा भाव लागतोय आणि "ज्युनिअर टायमर दोन पिनी" म्हणालात तर चहाच्या भावात. एवढंच बघा की आतल्या खाचा जुळतात काय, कारण दोन-तीन प्रकारच्या खाचांचे येतात. फ्यूजबॉक्सवरचे आकडेही या घराण्यात ठरलेले: ३० बॅटरी, १५ किल्ली, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, ८५-८६ रिलेचं कॉईल, ८७ बाहेर जाणारा.

जपानी. लान्सर, जुनी सिटी व्हीटेक, झेन, एस्टीम, आणि बाहेरच्या देशातल्या एमएक्स-५, एमआर२ वगैरे सगळ्या यातच. सुमितोमो आणि यझाकी, ०९० आणि २५० पिना जास्त. आपला फायदा असा की मारुतीच्या साध्या गाड्यांतही हीच दोन घराणी आहेत. लान्सरच्या कपलरसाठी लान्सर शोधत बसू नका, भंगारातली एस्टीम किंवा झेन उघडा, हातात व्हर्निअर ठेवा. मला तिथं दहातले चार तरी मिळतात.

अमेरिकन कमीच आपल्याकडं, पण ओपेलसारख्या जीएमच्या गाड्यांत पॅकार्डचं मेट्रीपॅक दिसतंय. ते १५० आणि २८० या आकड्यांनी ओळखतात, म्हणजे १.५ आणि २.८ मिमी.

सॅन स्टॉर्म, म्हणजे गोव्यात बनलेली ती छोटी टू-डोअर, असणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. इंजिन रेनोचं, त्यामुळं इंजिनवरचे कपलर युरोपियन मापानं शोधा. आणि बॉडी फायबरची आहे, म्हणजे बॉडीतनं अर्थ मिळत नाही, प्रत्येक लाईटला अर्थची वायर वेगळी येते. तिथं "अर्थ बॉडीला मार की" म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला नमस्कार करून परत पाठवा.

टप्पा ५ – खरंच कपलर पाहिजे काय?

हे विचारायला लोक विसरतात. खूप वेळा घर ठीक असतंय आणि फक्त फिमेल पिन सैल झालेली असते. बघायचं कसं: त्याच मापाची एक चांगली मेल पाती घ्या, फिमेल पिनेत सरकवा आणि हळू ओढा. बोटाला जरा अडवणूक जाणवली पाहिजे. वजनानंच गळून पडली तर ती पिन मेली. सगळ्या खोल्यांत असं करा.

पिन सैल कशानं होते? मीटरची जाडी सळई समोरनं तोंडात घुसवल्यानं. आपल्यातल्याच कुणीतरी तपासता तपासता बिघडवलेली असते. मीटर लावायचं ते मागनं, वायरीच्या बाजूनं, बारीक सुई घालून.

पिन काढायची तर आधी दुसरं लॉक शोधा. तोंडाला किंवा बाजूला वेगळ्या रंगाची प्लास्टिकची पट्टी असते, ती अर्धी वर येते, पूर्ण निघत नाही, जोर लावू नका. मग वायर *पुढं* ढकला, छत्रीची काडी घालून जीभ उचला आणि मग मागं ओढा. निघत नसेल तर ओढायचं नाही, काडी चुकीच्या बाजूला आहे.

टप्पा ६ – शोधायचं कुठं, आणि कुठल्या क्रमानं

पहिलं, नमुना खिशात घालून बेळगावातलीच ऑटो इलेक्ट्रिकची दुकानं. रिलेचे बेस, एच४ चे होल्डर, ६.३ च्या पिना, गोळ्या, दोन आणि तीन पिनेचे सीलवाले कपलर इथं मिळतात, त्यासाठी बाहेर जायची गरजच नाही. गाडीचं नाव सांगू नका, नमुना काउंटरवर ठेवा. गाडीचं नाव सांगितलं की "नाही ओ" हे उत्तर ठरलेलं. दुकानदार मराठी असो की कन्नड, कपलर हा शब्द सगळ्यांना कळतोय, आणि "अण्णा, डबा बघू काय" म्हणून सुट्ट्या मालाचा डबा मागून घेतलात तर अर्ध्या तासात खजिना सापडतोय. मला एकदा सहा महिने शोधलेला कपलर ट्रॅक्टरच्या सामानाच्या डब्यात मिळालाय.

दुसरं, भंगार. इथं दोन नियम. कपलर घेताना मागं वायर निदान एक वीत ठेवून घ्या, आणि दोन्ही बाजू घ्या, मेल आणि फिमेल. नंतर तुमच्या गाडीवरचाही बदलायला लागला तर जोडी हातात असते. घेण्याआधी वायरीचं रबर इंचभर सोलून बघा, आत तांबं लाल पाहिजे. काळं असलं तर ठेवून द्या. गोव्याकडनं चोर्ला घाटानं आलेल्या गाड्यांची वायरिंग तर सोलल्याशिवाय घेऊच नका, समुद्राच्या हवेनं पिना आतनं हिरव्या झालेल्या असतात आणि बाहेरनं कपलर नव्यासारखा दिसतोय.

तिसरं, कोल्हापूर उद्यमनगर, नाहीतर पुण्यात नाना पेठ. निपाणी, चिक्कोडीकडच्यांना कोल्हापूर जवळच पडतंय. बेंगळुरूला कुणी जाणार असेल तर मोटारीच्या सामानाला जेसी रोड आणि सुट्ट्या टर्मिनल-कनेक्टरला एसपी रोड, दोन वेगळ्या जागा आहेत, घोळ करू नका. बसच्या पार्सलनं मागवत असाल तर सीमेवर काय गडबड नाही ना ते आधी बघा, इकडची बस तिकडं बंद झाली की तुमच्या चार पिना कोल्हापूरच्या स्टँडवर आठवडाभर मुक्काम करतात.

चौथं, ऑनलाईन इलेक्ट्रॉनिक्सचे मोठे वितरक. पार्ट नंबर असेल तरच. परदेशातनं येणार असेल तर वाहतूक आणि ड्युटी धरून दोन कपलर म्हणजे सोन्याचे पडतात, म्हणून चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून एकच ऑर्डर टाका.

पाचवं, काहीच मिळालं नाही तर जोडी बदला. म्हणजे दोन्ही बाजू कापून नवीन जातीची मेल-फिमेल जोडी घालायची. पण हे फक्त वायर-ते-वायर जोडालाच चालतंय. सेन्सरला किंवा ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) तोंड साच्यातच असतंय, तिथं तोच कपलर लागतोय. नवीन जोडी घेताना करंट बघा. पाणी न शिरणाऱ्या जोड्यांत सुपरसील १.५ बारीक कामाला, डॉइच डीटी १३ अँपिअरपर्यंत, त्यांचाच डीटीपी २५ अँपिअरपर्यंत. रेडिएटर फॅनला सुपरसील घातलेला मी बघितलाय, आता त्याचं काळं ढेकूळ माझ्याकडं नमुना म्हणून आहे.

टप्पा ७ – ऑर्डर टाकायच्या आधी ही यादी

इथं माझे पैसे गेले. घरं वीस मागवली, डबा उघडला तर रिकामी प्लास्टिकं, पिना वेगळ्या घ्यायच्या असतात हेच माहीत नव्हतं. पिना मागवल्या तर त्या ०.५ चौरस मिमीच्या वायरीच्या, माझी वायर १.२५ ची, पंख मिटेनातच. तिसऱ्यांदा सील विसरलो. एका सेन्सरला दीड महिना.

म्हणून एका वेळी सगळं: घर, पिना, प्रत्येक वायरीचं सील, दुसऱ्या लॉकची पट्टी, रिकाम्या खोल्या असतील तर त्यांची बुचं, आणि मागची रबरी टोपी असली तर ती. पिनेच्या वर्णनात वायरीचा आवाका दिलेला असतोय, ०.५ ते १.० असा, तुमची वायर त्याच्या *आत* पाहिजे. सीलला बाहेरच्या व्यासाचा आवाका वेगळा असतोय, तोही बघा. पिना दुप्पट घ्या, पहिल्या काही वाया जाणारच.

मेल-फिमेलचा घोळ: काही जण घर मेल की फिमेल ते सांगतात, काही जण आतली पिन. मेल घर म्हणून मागवलं आणि आत बसते फिमेल पिन असं सर्रास होतंय. म्हणून शब्दावर जाऊ नका, विकणाऱ्याला तोंडाचा फोटो मागा आणि आपल्या फोटोशेजारी धरून बघा.

आणखी एक, मुलामा. सोनेरी पिनेला सोनेरी, कथलाच्या पांढऱ्याला पांढरी. ईसीयू, ऑक्सिजन सेन्सर असल्या ठिकाणी कधी कधी सोन्याच्या असतात. एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला कथील असलं की हादऱ्यानं गंज धरतोय आणि मग कधी चालते कधी बंद असला वैताग सुरू होतोय.

टप्पा ८ – आधी रद्दी वायरीवर दाबा

नवीन पिन थेट गाडीवर दाबायची नाही. भंगारातल्या तुकड्यावर पाच-सहा करून बघा. सील असेल तर ते वायरीवर *आधी* चढवा. हे विसरून पिन दाबली की पिन कापूनच टाकायला लागते, आणि प्रत्येकजण एकदा तरी विसरतोय.

पिनेला दोन जोड्या पंख असतात. पुढचे उघड्या तांब्यावर, मागचे रबरावर, सीलवाल्या पिनेत मागचे सीलवर. रबर एवढंच सोला की तांबं पुढच्या पंखांच्या बाहेर केसभर डोकावेल. रबर पुढच्या पंखात गेलं तर करंट अडतोय, तांबं मागच्या पंखात गेलं तर हादऱ्यानं तुटतंय.

तपासा: दाबल्यावर दोन्ही पंख आत वळून तांब्यात गेलेले दिसले पाहिजेत, वरनं बघितलं तर मधोमध खाच. एकही केस बाहेर नको. पिन केळ्यासारखी वाकलेली नको. मग पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरून त्या वायरीला टांगा. मी ०.७५ आणि त्याच्यावरच्या वायरीला हे करतो, निसटली तर पाना किंवा पिन चुकीची आहे. ०.५ च्या बारीक वायरीला हातानं घट्ट ओढून बघितलं तरी पुरे.

वर सोल्डर नको. "डबल मजबूत" म्हणून सगळे ओततात. शिसं तारांच्या आत चढत जातंय, तिथं वायर ताठ होते, आणि जिथं ताठपणा संपतोय तिथंच इंजिनच्या थरथरीनं तुटते. इंग्लिश गाडीच्या सोल्डरच्या गोळ्या हा अपवाद, त्या तशाच करायच्या असतात, पण मग मागं वायरीला क्लिपचा आधार द्या.

टप्पा ९ – एक वायर काढा, एक घाला

सगळ्या पिना एकदम काढून मग रंगावरनं लावत बसू नका. जुन्या गाडीत तपकिरी आणि लाल वीस वर्षांनी एकच दिसतात. जुन्या घरातनं एक काढायची, कापायची, नवीन पिन, नवीन घरात त्याच नंबरच्या खोलीत, खुट्ट ऐकायचं, हळू मागं ओढून बघायचं, मग दुसरी. जुनं आणि नवीन घर शेजारी धरताना दोन्हीची तोंडं एकाच दिशेला आहेत ना बघा, समोरनं आणि मागनं नंबर उलटे दिसतात. सगळ्या बसल्यावरच दुसरं लॉक दाबा. ते बसत नसेल तर कुठलीतरी पिन अर्धवट आहे, हातोडी शोधू नका.

टप्पा १० – लोड टाकून मोजा

मीटरचा 'टिक टिक' आवाज म्हणजे जोड चांगला असं नसतंय. एक केस जोडलेला असला तरी मीटर वाजतोय. खरी तपासणी लोडवर. लाईट किंवा फॅन चालू करा, मीटर व्होल्टवर, एक सुई कपलरच्या अलीकडं, दुसरी पलीकडं, त्याच वायरीवर. ०.१ व्होल्टच्या आत पाहिजे. ०.३ च्या वर गेलं तर जोड परत करा.

हे एवढं बारकाईनं का तर हिशोब बघा. हेडलाईटला १०० वॅटचे बल्ब घातले की करंट ८ अँपिअरच्या वर. कपलरमध्ये अर्धा व्होल्ट पडत असेल तर त्या एवढ्याशा पिनेत ४ वॅट उष्णता तयार होते, न थांबता. म्हणून एच४ चे होल्डर वितळतात आणि म्हणून नवीन होल्डर घालून उपयोग होत नाही. ६०/५५ चे बल्ब घाला, नाहीतर रिले टाकून जाड वायर घ्या, आणि होल्डर चिनी मातीचा घ्या. तरीही त्याच्या *पिना* तपासा, माती वितळत नाही पण पिन सैल असली तर बल्बची पातीच जळते.

शेवटी सीलच्या रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. रबरावर, पिनेत भरून नाही. वायर कपलरच्या खालनं वर यायला पाहिजे, म्हणजे पाणी वायरीवरनं वाहत कपलरमध्ये शिरत नाही, खालीच गळतंय. खानापूर, जांबोटी भागातल्यांनी हे नक्की करा. मग इंजिन चालू ठेवून कपलर हलवून बघा, बाटलीनं पाणी शिंपडून बघा, आरपीएम हलला नाही तर टेप गुंडाळा, तोही कापडी.

उरलेल्या पिना, सीलं आणि तो जुना तुटका कपलर एका डबीत घाला, वर लिहा: गाडी कुठली, जागा कुठली, पिन किती मिमी, घर कुणाचं. माझ्या डबीवर "०९०, २ पिनी, थ्रॉटल, एस्टीममधनं" असं आहे, आणि पुढच्या वेळी फोटो पाठवणाऱ्यानं असंच लिहून पाठवलं तर मी दोन मिनिटांत सांगतो.